साठ दिवसांची मुदत आणि आपले गाव

(गगनबावडा येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषी विद्यापीठाचा माणूस बोलायला उभा राहिला की भाताची लावण, नाचणीचे वाण किंवा उसाच्या खोडव्याबद्दल काही तरी ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. सरकारी खात्यांच्या जाहीर सूचना, त्यांतील 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' हे वाक्य आणि त्यापुढे दिलेली मुदत, हा तो विषय. हे वाक्य आपण वर्तमानपत्रात कैक वेळा वाचतो आणि पान उलटतो. परंतु त्याचा संबंध आपली जमीन, आपले औषध-बियाणे आणि आपल्या गावाची हद्द यांच्याशी येतो.

कोणताही मोठा नियम लागू करण्यापूर्वी शासन बहुतेक वेळा त्याचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करते. मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. ठराविक दिवसांत लोकांनी लेखी म्हणणे द्यावे, त्याचा विचार करून अंतिम अधिसूचना काढावी, अशी ही पद्धत आहे. मुदतीत आलेले म्हणणे विचारात घेणे हे खात्याचे काम असते. मुदतीनंतर आलेल्या अर्जाबाबत तसे बंधन उरत नाही. पेरणीला वाफसा असतो, तसाच प्रकार येथे आहे. वाफसा गेल्यावर कितीही चांगले बी टाकले तरी उगवण साधत नाही.

पश्चिम घाटाचा मसुदा

आपल्या तालुक्याला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पश्चिम घाटातील पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे. आपण घाटमाथ्यावर राहतो. करूळ आणि भुईबावडा घाट उतरले की कोकण लागते. वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा भाग आहे. येथील डोंगर, झाडी आणि झरे टिकले तरच खाली कुंभीच्या खोऱ्यात पाणी राहील, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने 2011 साली केंद्र शासनाला पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने एप्रिल 2013 मध्ये दुसरा अहवाल दिला. या दुसऱ्या अहवालाच्या आधारे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पहिला मसुदा 10 मार्च 2014 रोजी काढला. पुढे 2015, 2017, 2018 आणि 2022 साली पुन्हा मसुदे निघाले. सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी प्रसिद्ध झाला. त्यात सहा राज्यांतील मिळून सुमारे 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र असून त्यापैकी 17,340 चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील आहे. गगनबावडा तालुक्यातील गावेही या यादीत आहेत.

प्रत्येक मसुद्याला हरकतीसाठी साठ दिवस होते. आता तारखा पाहा. 2022 चा मसुदा 6 जुलैचा आणि 2024 चा 31 जुलैचा. आपल्याकडे हे दिवस चिखलणीचे आणि रोपलावणीचे. पाऊस धो धो कोसळत असतो, वाटा बंद असतात, वीज गेलेली असते. 2018 चा मसुदा 3 ऑक्टोबरचा, म्हणजे भातकापणीच्या तोंडावरचा. शिवाय केंद्राचे राजपत्र निघते हिंदी व इंग्रजीत. दिल्लीत मसुदा कधी निघावा हे आपल्या हातात नाही. म्हणून तयारी आधीपासून असली पाहिजे.

मसुद्यात काय आहे आणि काय नाही

'गाव संवेदनशील झाले की नांगर धरता येणार नाही, घर बांधता येणार नाही, जमीन विकता येणार नाही', अशी चर्चा पारावर ऐकू येते. मसुदा वाचला तर चित्र वेगळे दिसते.

1. खाणकाम, दगडखाण व वाळूउपसा यांवर बंदी प्रस्तावित आहे. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बंद व्हायच्या आहेत.

2. नवीन औष्णिक वीज प्रकल्पांना मनाई आहे.

3. प्रदूषणाच्या वर्गवारीतील लाल गटातील नवीन उद्योगांना आणि अशा उद्योगांच्या विस्ताराला मनाई आहे. चालू उद्योग सुरू राहू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016 च्या वर्गवारीत साखर कारखाना लाल गटात होता, हे ऊसउत्पादकांनी लक्षात ठेवावे.

4. वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या नवीन बांधकामांना मनाई आहे. वीस हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच एकर बांधकाम. आपले घर, गोठा किंवा खताचे गोदाम या मापाच्या आसपासही येत नाही. राहत्या घरांची दुरुस्ती व वाढ यांना मोकळीक ठेवलेली आहे.

5. भातशेती, नाचणी, ऊस किंवा बागायत बंद करण्याची तरतूद नाही. जमिनीची मालकी बदलण्यावरही बंदी नाही.

याचा अर्थ मसुद्याबाबत शंका घेऊ नये असा नाही. गुऱ्हाळ, काजूप्रक्रिया, दूध शीतकरण केंद्र हे उद्योग कोणत्या गटात येतात? गावरस्त्यासाठी मुरूम कोठून आणायचा? हे प्रश्न खरे आहेत आणि ते लेखी विचारलेच पाहिजेत. परंतु जे मसुद्यात नाही त्याच्याविरुद्ध हरकत घेतली तर ती वाया जाते आणि खरा प्रश्न मागे पडतो.

गाव यादीत कसे आले?

ही बाब शेतकऱ्यांसाठी फार उपयोगाची आहे. कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीचे दोन भाग केले: नैसर्गिक आणि मानवी वापराखालील. ज्या गावाच्या क्षेत्रात वीस टक्के किंवा त्याहून अधिक भाग संवेदनशील नैसर्गिक स्वरूपाचा आढळला, ते संपूर्ण गाव यादीत धरले. म्हणजे गाव हा घटक आहे आणि वीस टक्के ही कसोटी आहे.

आता एखाद्या गावाला वाटत असेल की आपला समावेश चुकीने झाला आहे, तर 'आमच्यावर अन्याय झाला' एवढे लिहून भागणार नाही. गावाचे एकूण क्षेत्र किती, वनखात्याचे किती, पड किती, भात व उसाखाली किती, हे गावनमुन्यांवरून आणि पीक पाहणीवरून मांडले पाहिजे. उलट, एखाद्या गावाला बॉक्साइटच्या किंवा दगडाच्या खाणीपासून आपला डोंगर वाचवायचा असेल, तर त्या गावाने समावेशाला पाठिंबा देणारे निवेदन पाठवावे. कोणत्या झऱ्यावर किती घरे आणि किती शेत अवलंबून आहे, हे त्यात लिहावे. 'हरकती व सूचना' या शब्दांत विरोध आणि पाठिंबा दोन्ही येतात, हे आपण नेहमी विसरतो.

लिहिल्याने फरक पडतो का?

'आमच्या कागदाला कोण विचारतो?' असे कोणीही म्हणेल. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले केरळचे. कस्तुरीरंगन अहवालात केरळचे 13,108 चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील धरले होते. केरळने गावोगावी प्रत्यक्ष पाहणी करून लोकवस्ती व लागवडीखालील भाग वेगळा दाखवला. त्यानंतरच्या मसुद्यांत हे क्षेत्र सुमारे 9,994 चौरस किलोमीटर धरण्यात आले. आकड्याला आकड्याने उत्तर दिले म्हणून तीन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा फरक पडला. हा फरक योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत. जुलै 2024 मधील वायनाडच्या भीषण दरडीनंतर तर ते अधिकच तीव्र झाले. म्हणूनच, आपण जे लिहू त्याची जबाबदारीही आपल्यावर येते. डोंगरउतारावरची झाडी 'लागवड' म्हणून दाखवून गाव वगळून घेतले, तर दरड आपल्याच घरावर येईल.

दुसरे उदाहरण औषधांचे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने 14 मे 2020 रोजी 27 कीटकनाशके, बुरशीनाशके व तणनाशके बंद करण्याचा मसुदा काढला. त्यात उसातील अ‍ॅट्राझीन व 2,4-डी, भातातील ब्युटाक्लोर, शिवाय क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, मँकोझेब अशी आपल्या रोजच्या वापरातील नावे होती. हरकतींसाठी प्रथम 45 दिवस दिले, पुढे मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवली. हरकती आल्या, समित्यांनी माहिती तपासली आणि 2023 च्या अंतिम आदेशात डायकोफॉल, डायनोकॅप व मेथोमिल यांवर थेट बंदी आली. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावरही टाच आली, तर काही औषधांची विशिष्ट पिकांवरील शिफारस काढून टाकण्यात आली. ब्युटाक्लोर, अ‍ॅट्राझीन, 2,4-डी ही बंदीत आली नाहीत.

येथे कंपन्यांनी आपली बाजू जोरकसपणे मांडली. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाने काय सांगितले? औषध लागते कोठे, त्याला पर्याय आहे का, फवारल्यावर डोळे चुरचुरतात का, मळमळते का, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नाही. त्याने लिहिले नाही तर फक्त विकणाऱ्याचे म्हणणे दप्तरी राहते.

निवेदन कसे लिहावे?

1. सूचनेचा क्रमांक व दिनांक वर लिहावा. त्याशिवाय आपला कागद कोणत्या मसुद्याबाबत आहे हे कळत नाही.

2. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची ते वाचावे. पश्चिम घाटाच्या मसुद्यात राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून साठ दिवस धरले आहेत. शेवटच्या आठवड्यासाठी थांबू नये.

3. गावाचे नाव, तालुका, जिल्हा, गट नंबर आणि आपण तेथे काय पिकवतो हे लिहावे. यादीत गावाचे नाव चुकीचे छापले असेल तर तेही दाखवून द्यावे.

4. मसुद्यातील कोणत्या कलमाविषयी बोलतो ते सांगावे. एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा.

5. काय बदल हवा ते स्पष्ट मागावे. 'योग्य तो विचार व्हावा' या वाक्याने कोणालाच काही कळत नाही.

6. पुरावा जोडावा: सातबारा, आठ-अ, पीक पाहणी, पाण्याच्या जागेचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव.

7. दुसऱ्या खात्याचे विषय मिसळू नयेत. गव्यांनी पीक खाल्ले ही तक्रार खरी आहे, पण ती वनखात्याकडे भरपाईच्या अर्जाने करावी.

8. मराठीत लिहावे. पर्यावरण परवानगीच्या नियमांचा 2020 चा मसुदा केवळ दोन भाषांत होता. तो आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये दिला होता. तेव्हा मराठी प्रतीची मागणी करण्यात संकोच नको.

9. स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी. ई-मेलची सोय असेल तर त्यानेही पाठवावे.

नमुन्यादाखल चार ओळी अशा असू शकतात: 'मौजे अमुक, ता. गगनबावडा येथील एकूण क्षेत्र इतके हेक्टर असून त्यापैकी भात, नाचणी व ऊस यांखाली इतके हेक्टर आहे. तपशील सोबत जोडला आहे. आमच्या मते नैसर्गिक क्षेत्र वीस टक्क्यांपेक्षा कमी आहे. तरी अंतिम अधिसूचनेपूर्वी ग्रामपंचायतीच्या उपस्थितीत प्रत्यक्ष पाहणी व्हावी.' एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रतींपेक्षा असा एक कागद अधिक बोलतो.

पैसे देणाऱ्या सूचना

काही सूचना नियमांच्या नसतात, त्या अनुदान किंवा पुरस्कारासाठी अर्ज मागवतात. त्यांतील एक आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरण जुने स्थानिक वाण जपणाऱ्यांना जनुक निधीतून गौरवते. शेतकरी समुदायासाठी 10 लाख रुपये, वैयक्तिक शेतकऱ्यासाठी दीड लाख आणि एक लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. ज्या घरात आजही आजीच्या वेळचे भाताचे किंवा नाचणीचे बी राखले जाते, त्यांनी या सूचनेकडे लक्ष ठेवावे.

याच 2001 च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. कोणी एखादे वाण आपल्या नावावर नोंदवायला निघाले, तर तो अर्ज जाहीर होतो आणि तीन महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. आपल्या खाचरातील वाण उद्या दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून ही तरतूद माहीत हवी.

गावाने काय करावे?

प्रत्येकाने राजपत्र वाचणे शक्य नाही. म्हणून गावातील दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी हे काम वाटून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक कोपरा 'हरकती व सूचना' यासाठी ठेवावा आणि त्यावर विषय व शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. गावाच्या क्षेत्राची, पिकांची आणि झऱ्यांची नोंदवही उन्हाळ्यातच तयार ठेवावी. मग मसुदा ऐन लावणीत आला तरी एका संध्याकाळी निवेदन लिहून होईल. ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, बायाबापड्यांचेही म्हणणे घ्यावे. पाणी कोठून आणावे लागते आणि कोणता झरा आटला, हे त्यांना अधिक ठाऊक असते.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने बियाणे विधेयकाचा मसुदा काढून 11 डिसेंबर 2025 पर्यंत सूचना मागवल्या होत्या. आपल्यापैकी किती जणांनी लिहिले, हे प्रत्येकाने स्वतःशी विचारून पाहावे. असे मसुदे पुढेही येत राहतील. पुढच्या वेळी निदान गावागणिक एक तरी कागद वेळेत गेला पाहिजे. लिहिताना अडचण आली तर कृषी महाविद्यालयाकडे किंवा आपल्या कृषी सहायकाकडे मसुदा घेऊन या. आपण बसून वाचू आणि कलमागणिक उत्तर तयार करू.