नीतीची वंशावळ



अध्यक्षपदाची शाल खांद्यावर आहे तोवर माणसानं जपून बोलावं, असा संकेत आहे. विषय घेतलाय नीती आणि व्यक्तिस्वातंत्र्य. तेव्हा तो पाळणं जमेलसं वाटत नाही.

गोव्यात पेडण्यातून शापोरा नदी ओलांडली की बारदेस. एके काळी त्या नदीच्या दोन काठांवर दोन नीती नांदत होत्या. पलीकडे 1560 पासून पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन. 1736 च्या फर्मानानं तर लग्नातल्या ओव्या आणि दारची तुळसही गुन्ह्यात धरली. पेडणे, डिचोली, सत्तरी पोर्तुगिजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, ‘नव्या काबिजादी’ म्हणून, आणि तिथल्या धर्माचाराला हात लावायचा नाही या बोलीवर. हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण सरकारनं हात आखडता घेतला म्हणून इथला माणूस मोकळा झाला का? गाव होतंच. गावकर होते, देवाचा कौल होता, वाळीत टाकणं होतं. जॉन स्टुअर्ट मिलनं 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त हेच दुखणं मांडलं: समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमाहून खोल जातो, कारण त्यातून निसटायला वाटा कमी. आगरकर मिल वाचून पुण्याशी भांडले. आपल्याकडे मिल वाचायची गरज नव्हती. विहिरीवर चार दिवस पाणी बंद झालं की सगळं कळायचं.

समाजाच्या या जुलमाचाच एक नमुना म्हणजे शेंसविधी. तो आता फारसा कुणाला आठवत नाही. देवळाशी बांधलेल्या घरातली पोर नवरी व्हायची. समोर नवरा म्हणून उभी असायची तीही पोरच, पुरुषाच्या वेशात, हातात कट्यार आणि नारळ. विधी खरा, नवरा तेवढा खोटा. पुढं तिनं देवापुढं गायचं आणि यजमानाच्या आश्रयानं राहायचं. अनीतीच्या खात्यावर नाव चढायचं ते तिचं. यजमान पालखीला पुढंच.

नीत्शेनं 1887 मध्ये नीतीची वंशावळ काढायला घेतली. तिचं मूळ कुळ कुठलं, म्हणून विचारलं. देवळाशी बांधलेल्या अशाच घरातल्या, काणकोणातल्या पैंगीणच्या राजाराम रंगाजी पैंगीणकरांच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. नीतीनंच त्यांना कुळ विचारलं. त्यांनी तो प्रश्न उचलून आपल्या आत्मचरित्राच्या माथ्यावर ठेवला: ‘मी कोण?’ आणि शेंस बंद पाडण्यासाठी कंबर कसली. नीतीची याहून धारदार चिकित्सा मला मराठीत कुठं दिसलेली नाही, तीही दोन शब्दांत. पैंगीणकरांच्याच समाजातले, पेडण्यात 1911 मध्ये जन्मलेले दयानंद बांदोडकर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

इथं टाळ्या वाजवून उठता आलं असतं. पण एक अडचण आहे. सुधारणेनंही शेवटी नीतीचीच भाषा उचलली. लग्न, संसार, चारचौघांसारखं घर. मानाची वाट ती. तेव्हा दुसरी होती तरी कुठं? मग गळ्याचं काय? ज्या घरांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या, त्यांतली एखादी पोर म्हणाली असती, ‘मला लग्न नको, गाणंच हवं,’ तर तिच्या बाजूनं कोण उभं राहणार होतं? जुनी नीती तिला यजमानाकडे पाठवणार, नवी नवऱ्याकडे. मी या प्रश्नाशी बरीच वर्षं झटतोय, आणि दर वेळी मला पेडण्यातलं आमचं देऊळ आठवतं.

जत्रेचं गाऱ्हाणं चालू होतं. गावकर साऱ्या गावाच्या वतीनं देवाला सांगत होता, लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. आजी गर्दीतून पुढं सरकली आणि हळूच म्हणाली, “म्हजें नांव घेतलें मरे?”

“सगळ्यांत तूं आयलीच न्ही, काकी?”

“तरी एक फावट घे.”

नारळ तोवर फुटला होता.