वर्षाचे १२० तास



आपल्या लकडगंजात आरामशीनच्या आवाजात वाढलेला मुलगा कॉलेजात जातो आणि पहिले सत्र कसे काढतो? तास संपला की थेट घर. उर्दू शाळेतून गेलेला असला तर वर्गात तोंड उघडायचीही त्याला धास्ती वाटते.

याच दिवसांत फलकावर राष्ट्रीय सेवा योजनेची सूचना लागते. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, असे दोन वर्षे काम करायचे. शिवाय एखाद्या खेड्यात सात दिवसांचे शिबिर. प्रमाणपत्र मिळते खरे, पण केवळ त्यासाठी नाव देणारे शिबिरात पहिल्याच सकाळी ओळखू येतात! पाहणीसाठी घरोघर जाऊन अनोळखी माणसांना प्रश्न विचारावे लागतात. तिथे गप्प राहून चालत नाही. मग तीच जीभ वर्गातही सुटते.

पालकांचे अडते ते शिबिरापाशी, त्यातही मुलींच्या. काळजी रास्त आहे. चौकशी न करता दिलेला नकार रास्त नाही. कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना भेटा. मुक्काम कुठे, सोबत प्राध्यापिका कोण, जेवणाचे व नमाजाचे काय, सारे सरळ विचारा. मुलाला मोकळीक आणि मुलीला नाही, हा न्याय मला पटत नाही.

आणि मुलांनो, संमतिपत्र आदल्या रात्री अब्बांपुढे ठेवू नका. त्यांना चौकशीला निदान आठ दिवस द्या.