समुद्राखालची दरड

पेठ वडगावास विहीर खणतांना लागणारा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा थिजलेला लाव्हारस. त्या पाषाणाच्या दरडी पावसाळ्यांत घाटांत कोसळतात. पण त्यांची थोरली बहीण अरबी समुद्राखालीं पहुडली आहे. तिचें नांव ‘नटराज’. २०१५ सालीं ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजानें लक्ष्मी खोऱ्यांत, साडेतीन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखालीं, तळाला वेध पाडला. वर आलेल्या गाळांत उथळ समुद्रांतील चुनखडकाचे तुकडे निघाले! ते तेथें गेले कसे? सुमारें एक कोटी आठ लक्ष वर्षांपूर्वीं किनाऱ्यापलीकडचा उतारच घसरला होता. भराभर सांचलेल्या गाळांत कोंडलेलें पाणी वा वायु असा उतार ढिला करूं शकतो. ती सुमारें १९,००० घन किलोमीटर माती महाराष्ट्रभर पसरली, तर साठ मीटरांचा थर होईल. वडगावचीं घरें त्याखालीं दिसणारहि नाहींत.