झडप निवडताना आधी खेळ सांगा

मी मूळचा निपाणीचा. नोकरीमुळे गेली सोळा वर्षं बेंगळुरूत, जयनगरला राहतो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. एक्केचाळिसाव्या वर्षी माझ्या हृदयाची महाधमनीची झडप बदलली. त्याआधी पंधरा वर्षं मी पळत होतो, आजही पळतो. ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न नव्हताच. झडप कुठली बसवायची, हे मात्र डॉक्टरांनी माझ्यावर सोडलं. आज तेवढ्याबद्दलच बोलतो.

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरात एक-दोन जणांना जन्मतः दोनच असतात, त्यातला मी एक. अशी झडप लवकर कडक होते. निरोगी झडप उघडली की तिचं तोंड तीन ते चार चौरस सेंटीमीटर असतं, माझं एकाच्याही खाली आलं होतं. नुसतं बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. सराव असलेला माणूस जोरात पळताना वीस लिटर किंवा त्याहूनही जास्त. ते सगळं त्या एका दारातून जायचं असतं. म्हणून खेळणाऱ्या माणसाने झडपेच्या जातीइतकीच तिच्या मापाचीही चौकशी करावी. लहान माप बसलं तर चालताना काही जाणवणार नाही, चढावर मात्र धाप लागेल.

आता जाती. एक कार्बनची, यांत्रिक. ती सहसा आयुष्यभर टिकते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी जनावराच्या ऊतीची. डुकराची झडप, नाहीतर गाईगुरांच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली. तिला ती गोळी बहुधा जन्मभर लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि माणूस जितका तरुण तितकी लवकर.

हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, गाईचं काही छातीत घालायचं म्हणजे..." आणि गप्प बसली. पुष्कळ घरांत हा विषय निघतो. डुकराच्या झडपेबद्दल मुसलमान कुटुंबांतही निघतो. यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना सरळ विचारावं, त्यांनी हा प्रश्न आधी ऐकलेला असतो. दोन दिवसांनी आईच म्हणाली, "तुझा जीव वाचतोय ना? मग तू ठरवशील ते."

अमेरिकेतली २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं साधारण अशी: पन्नाशीच्या आत यांत्रिक, पासष्टीनंतर ऊतीची, मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. वयाची रेघ ठीक आहे. पण माझ्या मते खेळाडूने पहिला प्रश्न वेगळा विचारावा: माझ्या खेळात मी पडतो का, आपटतो का? रक्त पातळ असताना खरी भीती दमण्याची नाही, डोक्याला मार लागण्याची आहे. वॉर्डात माझ्या शेजारी एक कबड्डी शिकवणारे गृहस्थ होते, माझ्याहून लहान. त्यांनी ऊतीची घेतली, दुसऱ्यांदा छाती उघडावी लागेल हे माहीत असून. "पोरांना पकड दाखवल्याशिवाय शिकवायचं कसं?" हे त्यांचं उत्तर होतं. त्यांचं त्यांच्यासाठी बरोबर होतं. मी पळणारा, सपाटीवर. मी कार्बनची घेतली आणि सह्याद्रीतले कातळ चढणं सोडलं. नंदी हिल्सवरून सायकल भरधाव सोडणंही गेलं. सायकलचं वाईट वाटतं, अजूनही.

मूल हवं असलेल्या स्त्री खेळाडूचा हिशेब आणखी वेगळा. वॉर्फरिन गर्भाला घातक ठरू शकतं, त्यामुळे ते बोलणं ऑपरेशनच्या आधीच व्हायला हवं.

ऊतीची झिजली की मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत नवी बसवता येते, हे खरं. पण झडपेच्या आत झडप, म्हणजे तोंड आणखी लहान. पहिली पुरेशी मोठी असेल तरच ते जमतं. तिसरी वाट रॉस शस्त्रक्रियेची: स्वतःचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीत लावायची. १९६७ साली डोनाल्ड रॉस यांनी ती सुरू केली. अरनॉल्ड श्वार्झनेगर यांची १९९७ साली झाली, आणि फुप्फुसाकडची झडप २०१८ साली पुन्हा बदलावी लागली. एका झडपेच्या दुखण्यात दोन गुंततात, आणि ती सफाईने करणारे सर्जन थोडे.

पैशाचंही बोलू. एके काळी झडपा परदेशातूनच यायच्या आणि सामान्य माणसाला परवडत नसत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप करायला घेतली. तीन नमुने फसले, एकात तर नीलमाची चकती फुटली. चौथ्यात साधी दिसणारी प्लास्टिकची चकती टिकली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली. जयदेव हृदयरोग संस्थेसारखी मोठी सरकारी संस्था आमच्या जयनगरच्या नवव्या ब्लॉकात आहे. तिथल्या रांगेत उभ्या माणसाला अशा झडपेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

गोळीबरोबर जगणं जमतं. आयएनआर म्हणून रक्ताची तपासणी असते. माझ्यासारख्याला ती दोन ते तीनमध्ये ठेवतात. पालेभाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. इथे दंटू सोप्पू, म्हणजे आपला माठ, स्वस्त आणि ताजा मिळतो. आठवडाभर काही नाही आणि रविवारी ढीगभर, असं करायचं नाही. डोकेदुखीवर मनानेच गोळ्या घ्यायच्या नाहीत. दात काढायचा असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं. पळताना माझ्या खिशात चिठ्ठी असते: यांत्रिक झडप, गोळीचं नाव, रक्तगट, बायकोचा नंबर. आणि हो, रात्री शांत झालं की टिकटिक ऐकू येते. पहिले काही महिने मला झोप लागत नव्हती. आता बायको म्हणते, "ऐकू नाही आली तर मी उठून बसते."

कुणाच्या घरी हा निर्णय उभा असेल तर प्रश्न जरूर विचारा.