भ्रम मेंदूचा, मूळ यकृतात



यकृतकाठिण्य म्हणजेच सिऱ्होसिस जडलेले एखादे गृहस्थ दिवसा पेंगू लागतात, रात्री टक्क जागे राहतात. सही करताना हात थरथरतो, माणसांची नावे आठवत नाहीत, स्वभाव चिडका होतो. घरात कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते पुन्हा दारू सुरू झाली, कोणी बाहेरची बाधा मानते. झोप यावी म्हणून एखादी गोळी दिली जाते आणि सकाळी ते हाकेला ओ देत नाहीत.

वैद्यकशास्त्र या अवस्थेला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणते. आतड्यातील जीवाणू अन्नातील प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. काठिण्य आलेल्या यकृताकडून हे काम पुरते होत नाही. शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. १८९३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडून येणारे रक्त यकृताबाहेरून वळवले, तेव्हा मांस खाल्ल्यावर त्या प्राण्यांचे वर्तन बिघडत असल्याचे त्यांना दिसले.

मात्र यकृत आज जसे आहे तसेच कालही होते. मग आजच भ्रम का? बहुतेक वेळा त्यामागे एखादे निमित्त सापडते. सर्वांत साधे निमित्त बद्धकोष्ठतेचे. दुसरे जंतुसंसर्गाचे; तो लघवीत, फुप्फुसात किंवा पोटात साठलेल्या पाण्यात होतो आणि ताप येतोच असे नाही. तिसरे रक्तस्रावाचे. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या तर शौचास डांबरासारखी काळी होते आणि आतड्यात गेलेल्या रक्तापासूनही अमोनिया बनतो. चौथे निमित्त शरीरातील पाणी व क्षार घटण्याचे. लघवीच्या गोळ्या जास्त झाल्या, उलट्या-जुलाब झाले की पोटॅशियम उतरते आणि मूत्रपिंडेच अधिक अमोनिया निर्माण करतात. पाचवे निमित्त झोपेच्या व गुंगीच्या औषधांचे.

लॅक्च्युलोज या पातळ औषधाचा या विकारातील उपयोग १९६६ पासून ज्ञात आहे. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास व्हावी, एवढीच त्याची मात्रा असावी. बरे वाटले म्हणून ते परस्पर बंद करणे जितके घातक, तितकेच ते अतिरिक्त घेऊन जुलाब ओढवून घेणेही.

एक जुना समज मात्र सोडावयास हवा. पूर्वी अशा रुग्णाची डाळ, दूध, दही बंद केले जाई. त्याने स्नायू झिजतात आणि अमोनियाचा निचरा करणारा यकृताचा मदतनीसच दुबळा होतो. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या रुग्णास ७२ ते ९० ग्रॅम, असा आजचा सल्ला आहे. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हितकर. अशा रुग्णाने निर्जळी उपवास करू नये. घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यास प्रेमाने परावृत्त करावे.

रुग्णास आपला भ्रम कळत नाही. तो घरच्यांना कळतो. म्हणून शौच, लघवी, झोप, नवे औषध यांची नोंद घरात असावी. वागण्यात फरक दिसताच, दोष न देता व झोपेची गोळी न देता, ती नोंद घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. निमित्त वेळीच दूर झाले तर हरवलेला माणूस बहुधा पुन्हा शुद्धीवर येतो आणि घरच्यांना नावाने हाक मारतो.