गंजिफ्याचा एक्का



नवी मुंबईंतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ कोंकणांत आहे. सुटींत गांवीं गेलेली मंडळी परततांना सावंतवाडीहून गंजिफ्याचा एखादा संच आणतात, आणि ते वाटोळे, रंगीत पत्ते वाशी-नेरूळच्या दिवाणखान्यांत कांचेमागें शोभूं लागतात. शोभेबद्दल तक्रार नाहीं. परंतु हे पत्ते मुळांत खेळण्याकरितां आहेत, आणि बावन्न पत्त्यांच्या संवयीनें त्यांचे नियम उलगडत नाहींत. तेव्हां नवख्याला हटकून अडविणारे मुद्दे तेवढे आज पाहूं.

दशावतारी गंजिफ्यांत १२० पानें असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. खेळणारे तिघे, म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास ४० पानें येतात.

पहिली अडचण एक्क्याची. राजा सर्वांत थोर, त्याखालीं प्रधान, हें दहाही रंगांत सारखें. पुढें मात्र वाटा फुटतात. पांच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का तळाशीं. उरलेल्या पांचांत एक्का प्रधानाच्या लगत आणि दश्शी सर्वांत हलकी. हा लहरीपणा नव्हे. मोंगल पद्धतीच्या ९६ पानी गंजिफ्यांतहि आठ रंगांची अशीच निम्मी-निम्मी वांटणी आहे. तिचा परिणाम असा कीं, केवळ लहान आंकड्यांचीं पानें हातीं आलीं म्हणून कोणाचा डाव आधींच बुडत नाहीं.

दुसरी अडचण ‘हुकूम’ या शब्दाची. आपल्या पत्त्यांत हुकूम म्हणजे इतर रंगांना कापणारा रंग. गंजिफ्यांत कापणें नाहींच. एखाद्या रंगाचीं जीं पानें अद्याप पडलेलीं नाहींत, त्यांतलें सर्वांत थोर पान तो त्या घटकेचा हुकूम. राजा व प्रधान पडून गेले कीं हा मान कोठें दश्शीला, तर कोठें एक्क्याला मिळतो. म्हणून काय पडलें आणि काय उरलें, याची आठवण ठेवील तोच जिंकतो.

तिसरा मुद्दा उतारीचा. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं असेल तो उतारी करतो. रात्रीं हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मग दिवेलागणीस मांडलेल्या डावाचें काय? हा तंटा पानें वांटण्यापूर्वींच मिटवावा, हें उत्तम.

१५२७ सालीं बाबरानें सिंधमधील शाह हसन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. इतका हा खेळ आपल्याकडे जुना. सावंतवाडींत हे पत्ते रंगविण्याची कला मावळूं लागली, तेव्हां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत राजे शिवरामराजे व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं तिला राजवाड्यांत आश्रय दिला. त्यामुळें कला वांचली. खेळ वांचविणें मात्र राजवाड्याच्या हातीं नाहीं. चित्र कांचेमागें टिकतें. नियम खेळल्यावांचून टिकत नाहीं. घरांत कोणा आजी-आजोबांना हा खेळ येत असेल तर त्यांचे नियम विचारून लिहून ठेवा. ते शेजारच्या गांवाहून निराळे निघाले तरी तसेच लिहा. आणि एखाद्या रविवारीं ती चौकट उघडून तिघांनीं खरोखरच डाव मांडा.