इसब लागत नाही, बायांनो

आम्ही कुंभवलीच्या बचत गटातल्या बाया. मागच्या बैठकीला एक सून दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आली आणि दाराशीच बसली. मुलीचे गाल लाल, खरखरीत, हात रक्त येईस्तोवर खाजवलेले. "आत आले तर तुमच्या पोरांना लागेल," म्हणाली. घरात त्या लेकराची ताटवाटीही वेगळी ठेवली होती.

पोरीला इसब झालं होतं, आणि इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. लागते ती खरूज. खरूज बोटांच्या बेचक्यात नि मनगटावर येते, रात्री जास्त खाजते, घरात दोघातिघांना एकदम होते. इसब तान्ह्याच्या गालांवर दिसतं, मोठ्या मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत. घरात कुणाला दमा किंवा सततच्या शिंका असतात, तिथे ते जास्त आढळतं.

अशा मुलांची कातडी ओल धरून ठेवत नाही. वाळून तडकलेल्या सारवणासारखी होते, आणि त्या भेगांत साबण, घाम, धूळ, धूर झोंबतो. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी तारापूर एमआयडीसीत कामाला. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच बाळाला उचलावं, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. इसब कारखान्यातून येतं असं नव्हे, पण रंगाची नि रसायनांची पूड अशा कातडीला सोसत नाही. बाळाजवळ विडी आणि मच्छरची कॉइलही नको.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरका. डाळीच्या पिठाने घासू नका, पाण्यात जंतुनाशक घालू नका. अंग नुसतं टिपा आणि ओलसर असतानाच साधं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. मोहरीचं तेल नको. हे दिवसातून दोनदा, कातडी बरी दिसली तरी चालू ठेवायचं. आपण नेमक्या तिथेच चुकतो.

आता ट्यूबेचं. त्या सुनेने चिठ्ठीशिवाय दुकानातून एक ट्यूब आणली होती. चार दिवसांत गाल स्वच्छ, बंद केली की दुप्पट लाल. असं तीन महिने. अशा कित्येक ट्यूबांत जोरदार स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी मिळतात! मात्र डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइड दिलं तर घाबरून अर्धवट सोडू नका. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ते लालीवरच लावायचं, सांगितले तितके दिवस.

आणि कुणी म्हणालं म्हणून मुलाचं अंडं, दूध, मासळी तोडू नका. आधीच आपल्या जिल्ह्यात पोरांची वजनं कमी. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच बंद करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, ते कातडीचे आजारही बघतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

त्या पोरीची लाली अजून येते-जाते, पण आता रात्री झोपते. ताटवाटीचं मात्र सासूशी आम्हालाच जाऊन बोलावं लागलं.

कातडीतून पू आला, पिवळी खपली धरली, किंवा ताप येऊन बारीक पाण्याचे फोड उठले, तर तेल-मलमात वेळ घालवू नका. त्याच दिवशी मुलाला आरोग्य केंद्रात न्या.